लुगोसींचे पसरलेले हात

‘फ्रँकेन्स्टाइन मीट्स द वुल्फ मॅन’ हा १९४३ सालचा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा डॉ. फ्रँकेन्स्टाइनने घडवलेल्या राक्षसाच्या भूमिकेतील बेला लुगोसी यांचे काम मला मुळीच आवडले नव्हते. दोन्ही हात पुढे पसरून चाचपडत चालणारा तो राक्षस कृत्रिम वाटला आणि १९३१ साली बोरिस कार्लॉफ यांनी याच भूमिकेत जी करुणा ओतली होती, तिच्याशी मी त्याची तुलना करत राहिलो. युनिव्हर्सल या हॉलिवूड स्टुडिओचे हे सगळे चित्रपट पुढे क्रमाने पाहिले, तेव्हा माझे मत किती अन्यायाचे होते ते कळले.

आधीच्या वर्षीच्या ‘द घोस्ट ऑफ फ्रँकेन्स्टाइन’च्या शेवटी इगोर या कारस्थानी माणसाचा मेंदू राक्षसाच्या डोक्यात बसवला जातो, पण रक्तगट न जुळल्यामुळे राक्षसाची दृष्टी जाते. इगोरची भूमिका लुगोसींनीच केली होती. म्हणजे पुढच्या चित्रपटात राक्षसाचे शरीर, त्यात इगोरचा मेंदू आणि तोंडी लुगोसींचा आवाज, ही योजना कथेच्या दृष्टीने अगदी चोख होती. कर्ट सिओडमॅक यांच्या पटकथेत हा राक्षस आंधळा होता आणि बोलतही होता. चित्रीकरणानंतर मात्र त्याचे सगळे संवाद कापले गेले आणि त्यांच्याबरोबर त्याच्या आंधळेपणाचा उल्लेखही गेला. राक्षसाच्या तोंडी लुगोसींचे हंगेरियन वळणाचे उच्चार ऐकून स्टुडिओतील मंडळींना हसू आवरेना, असे सिओडमॅक पुढे सांगत. पडद्यावर उरले ते केवळ पसरलेले हात. शेवटी यंत्राच्या शक्तीने राक्षसाला बळ मिळते आणि त्याच्या चेहऱ्यावर एक दुष्ट हसू उमटते. ते दृष्टी परत आल्याचे हसू आहे, हे प्रेक्षकाला कळायला मार्गच ठेवलेला नाही. साठीत पोहोचलेल्या नटाचा इतका विचारपूर्वक केलेला अभिनय संकलनात असा निरर्थक व्हावा, याचे मला आजही वाईट वाटते.

तरीही हा चित्रपट मला या साऱ्या मालिकेत सर्वांत जवळचा वाटतो, तो लॉन चेनी (धाकटे) यांच्या लॅरी टॅलबॉटमुळे, म्हणजे पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या वुल्फ मॅनमुळे. कबर फोडणाऱ्या चोरांमुळे पौर्णिमेच्या चांदण्यात जागा झालेला हा माणूस राक्षसाशी झुंजायला निघालेला नसतो. त्याला फक्त मरण हवे असते आणि ते कसे मिळवावे हे डॉ. फ्रँकेन्स्टाइनच्या वहीत सापडेल या आशेने तो भग्न किल्ल्यापर्यंत येतो. तिथे बर्फात गोठलेल्या राक्षसाला तो स्वतःच बाहेर काढतो. गावातल्या नव्या वाइनच्या उत्सवात गायक चिरंतन आयुष्याची शुभेच्छा गातो, तेव्हा टॅलबॉट संतापून ओरडतो की आपल्याला चिरकाल जगायचे नाही. शेवटची झुंज काही मिनिटांत उरकते आणि फुटलेल्या धरणाच्या पाण्यात दोघेही वाहून जातात. माझ्या मनात राहिला आहे तो उत्सवातला आक्रोश.

पुढच्या दोन चित्रपटांत पात्रे वाढली, पण भेटी विरळ झाल्या. ‘हाउस ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये (१९४४) जॉन कॅराडाइन यांचा ड्रॅक्युला इतरांना भेटण्याआधीच संपतो, आणि ‘हाउस ऑफ ड्रॅक्युला’मध्ये (१९४५) टॅलबॉट चक्क बरा होतो, जे मला कधीच पटले नाही.

१९४८ साली ॲबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीच्या चित्रपटात टॅलबॉट, ड्रॅक्युला आणि राक्षस हे तिघे पुन्हा एकत्र आले. चेनी यांनी टॅलबॉट त्याच गांभीर्याने साकारला आहे, आणि लुगोसी यांनी मोठ्या चित्रपटात दुसऱ्यांदा व शेवटचा ड्रॅक्युला रंगवला आहे. राक्षस आहे ग्लेन स्ट्रेंज. त्या कथेत राक्षसाच्या आंधळेपणाचा उल्लेखही नाही, तरीही तो हात पुढे पसरून चालतो, आणि त्याला हुकूम देत असतात लुगोसी.