इंटिरियर करायचंय? आधी टेप धरायला शिका

'चित्रकला चांगली आहे, म्हणून इंटिरियर करायचं म्हणतेय,' असं बारावीनंतर बरीच मुलं-मुली सांगतात. चित्रकलेचा उपयोग होतोच. पण या कामात पैसे बुडतात ते बहुतेक वेळा मापात आणि हिशेबात. रंग चुकला तर पुन्हा मारता येतो. अर्धा इंच मोठं झालेलं कपाट कोनाड्यात शिरतच नाही.

भिंती दिसतात तितक्या सरळ नसतात. कपाट जिथे बसणार तिथली रुंदी तीन ठिकाणी घ्या: स्कर्टिंगच्या (भिंतीच्या पायथ्याशी असलेल्या पट्टीच्या) वर, कमरेच्या उंचीला आणि बीमखाली. सर्वांत कमी भरेल ते माप धरायचं, त्यातूनही अर्धा-पाऊण इंच सोडायचा आणि उरलेली फट पट्टीने झाकायची. कोपरा तपासायला सुताराचा गुण्या लहान पडतो. एका भिंतीवर 3 फुटांवर, दुसरीवर 4 फुटांवर खूण करा. दोन खुणांमधलं तिरकं अंतर नेमकं 5 फूट आलं तर कोपरा काटकोनात आहे. इंचभर जास्त आलं, तर कोपऱ्यातल्या ओट्याचा ग्रॅनाइट कागदावरच्या मापाने कापू नका, आधी जागेवर पुठ्ठ्याचा साचा काढा. जिन्याचं वळण आणि लिफ्टचा दरवाजाही याच फेरीत मोजा, कारण 8 बाय 4 फुटांचा प्लायचा तक्ता, म्हणजे शीट, सोसायटीच्या साध्या लिफ्टमध्ये सहसा जात नाही, मग चढवण्याची मजुरी वेगळी लागते.

सुतार इंच आणि सुतात बोलतो, हार्डवेअरचा कॅटलॉग मिलिमीटरमध्ये असतो. एक इंच म्हणजे आठ सूत, एक सूत म्हणजे साधारण 3.2 मिमी. ही दोन्ही मापं डोक्यात एकाच वेळी चालली पाहिजेत. 18 मिमीच्या प्लायला बाहेरून 1 मिमी आणि आतून 0.8 मिमी लॅमिनेट (वरून चिकटवायचा पातळ पत्रा) लागलं की फळी 20 मिमीच्या आसपास जाते. ड्रॉइंगमध्ये ही वाढ धरली नाही तर ओट्याखालच्या ट्रॉलीच्या आतली रुंदी तीन-चार मिमीने घटते आणि ती सरकवणारं चॅनेल अडकतं.

आता हिशेब. 6 फूट रुंद, 7 फूट उंच, 2 फूट खोल, तीन पल्ल्यांचं कपाट घ्या. बाजू आणि आतले भाग पाडणारे मधले पडदे मिळून चार उभ्या फळ्या, म्हणजे 56 चौरस फूट. वरची-खालची फळी 24, दोन बाय दोनचे चार कप्पे 16, पल्ले 42. बेरीज 138. एका शीटचे 32 चौरस फूट, म्हणून भागाकार 4.3 येतो. नवशिका 'साडेचार शीट' लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात शीट अर्धी मिळत नाही, आणि 7 बाय 2 चे तुकडे एका शीटमधून दोनच निघतात. चार उभ्या फळ्या आणि तीन पल्ले मिळून असे सात तुकडे हवेत, म्हणजे साडेतीन शीट त्यातच गेल्या. वर-खालच्या फळ्यांना एक. उरलेल्या तुकड्यांत कप्पे बसतात. एकूण पाच. शिवाय करवतीचं पातं तीनेक मिमी खातं, म्हणून 4 फुटांतून पूर्ण 2 फुटांचे दोन तुकडे कधीच निघत नाहीत. म्हणून कपाटाची खोली साडेतेवीस इंच धरावी. पाठीला 6 मिमीच्या दोन शीट वेगळ्या. हा हिशेब स्वतः मांडता येत नसेल, तर कोटेशन दुसराच कुणीतरी ठरवतो.

पल्ल्याला एकाच बाजूने लॅमिनेट लावायचं आणि आतून नुसता रंग मारायचा, ही काटकसर महागात पडते. पावसाळ्यात उघडी बाजू ओल ओढते, पल्ला बाक धरतो आणि सात फुटांच्या पल्ल्यावर तो लगेच दिसतो. किमान चार बिजागऱ्या लावल्या तरी बाक जात नाही.

स्वभावाबद्दल एकच गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते: ऐकून घ्या. ओट्याची उंची पुस्तकात 32 ते 34 इंच असते, पण जी व्यक्ती रोज पोळ्या लाटते तिला उभं करून कोपर मोजा आणि त्यातून चार-सहा इंच वजा करा. सर्वांत मोठा कुकर कोणता, गहू वर्षाचा भरता का, लोणच्याची बरणी कुठे ठेवता, सणाला घरी किती माणसं झोपतात, हे विचारल्याशिवाय ड्रॉइंग सुरू करू नये. ही उत्तरं बहुतेकदा पैसे देणाऱ्याकडे नसतात, स्वयंपाकघरात राबणाऱ्याकडे असतात.

सॉफ्टवेअर कुठलंही चालेल, सहा महिन्यांत हात बसतो. कामांचा क्रम मात्र पाठ हवा: तोडफोड, प्लंबिंग आणि वायरिंग, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, पीओपी, सुतारकाम, शेवटी रंग. यात एक पायरी अशी आहे जी फुकट होते आणि तरीही वगळली जाते. इलेक्ट्रिशियनने भिंत खणण्याआधी पलंग, कपाट, टीव्ही युनिट खडूने खऱ्या मापात जमिनीवर आणि भिंतीवर आखा, पल्ला उघडल्यावर जिथपर्यंत येतो ती कमानही काढा. पलंगाच्या डोक्यामागे लपणारा स्विचबोर्ड आणि कपाटाला आपटणारं दार त्या खडूच्या रेघांतच सापडतं.