आधी कुणाला आत घ्यायचं?

मे महिना निम्मा सरला की दुपारी तीनच्या सुमाराला हडपसरहून बहिणीचा फोन येतो. परवाही आला. ‘काळं झालंय गं. वारा सुटलाय. तुझ्याकडे काय?’ माझ्याकडे, म्हणजे कोथरूडला, लखलखीत ऊन. गच्चीच्या फरशीवर पाय ठेववत नाही. आता पुढे दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर तासाभरात आमच्या बागेची दाणादाण उडेल, नाहीतर पाऊस हडपसरलाच मनसोक्त पडून घेईल आणि मी बांधूनबिंधून ठेवलेल्या कुंड्यांकडे शेजारी सहानुभूतीने बघतील. पुण्याच्या वळवाला पेठा, उपनगरं असला भेदभाव फार. एका बाजूला गारा पडतात आणि दुसऱ्या बाजूला लोक उसाच्या रसाच्या गाड्यावर बर्फ जास्त घाल म्हणून सांगत असतात.

माझे वडील अशा वेळी ‘शिमला ऑफिस काय म्हणतंय?’ असं विचारायचे. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली शिमल्याहून पुण्याला आलं, पुढे ते दिल्लीला गेलंसुद्धा, पण आमच्या चौकाला शिमला चिकटलं ते चिकटलंच. वडिलांच्या प्रश्नात आदर किती आणि खवचटपणा किती हे मला कधी कळलं नाही. निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी, 3 जून 2020 ला, मात्र सगळं आधीपासून माहीत होतं. ते अलिबागकडून येणार, दुपारी येणार, पुण्यालाही झोडपणार. आम्ही आदल्या दिवशीच सगळं आवरून बसलो होतो. वळवाचं तसं नसतं. तो इथल्याच उन्हात, इथल्याच डोंगरांवर दुपारी शिजतो आणि संध्याकाळी उतरतो. त्याला नाव नाही, की नकाशावर पुढे सरकणारा ठिपका नाही.

तर गच्ची. पहिल्यांदा मी हिरवी जाळी सोडवते. एप्रिलपासून जिच्या सावलीत कोथिंबीर आणि पुदिना कसाबसा जीव धरून असतो, ती जाळी वाऱ्यात शिडासारखी फुगते आणि जाताना बांबूसकट जाते. मग पाण्याच्या तोंडावरची जाळी साफ करायची, कारण पहिल्या सरीला सगळा पालापाचोळा तिथेच धावतो. टांगलेल्या कुंड्या खाली. कोकोपीटच्या हलक्या प्लास्टिकच्या कुंड्यांना भरपूर पाणी, म्हणजे वजन येतं. पाऊस येणार म्हणून आभाळ भरून आलेलं असताना झाडांना पाणी घालणारी बाई बघून समोरच्या इमारतीतले आजोबा रोज नव्याने चकित होतात. उंच कुंड्या सरळ आडव्या करून टाकायच्या, पडायच्या आधीच. मातीच्या जड कुंड्या बाहेरच्या बाजूला, मधे लहान पोरं.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. ढगातली गार हवा धाडकन खाली येऊन जमिनीवर पसरते, म्हणून पावसाआधी वारा. ही माहिती आमच्याकडे दरवर्षी पंख्याखाली बसून दिली जाते. देणाऱ्याने आजवर एकही कुंडी उचललेली नाही.

झाडांचे स्वभाव अशा वेळी कळतात. गवती चहाला काही सांगावं लागत नाही, तो सपाट झोपतो आणि सकाळी उठतो. केळीची पानं चिंध्या चिंध्या होतात, बघवत नाही, पण फाटलेल्या पानातून वारा निघून जातो आणि केळ उभी राहते. शेवगा मात्र ठिसूळ. ड्रममधला आमचा शेवगा जरा जोराची झुळूक आली तरी एक फांदी टाकतो. मोगऱ्याच्या टपोऱ्या कळ्या मी आधीच खुडून घेते. त्या संध्याकाळी घरात इतका मोगरा असतो की डोकं दुखतं.

आणि मग तो क्षण येतो. आकाश खरंच काळं झालेलं, हात दोन, दरवाजा अरुंद. आधी कुणाला आत घ्यायचं?

हा प्रश्न मी पहिल्यांदा शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात ऐकला. तिथल्या गच्चीवर झाडं नव्हती, मे महिन्यात तिथे वाळवण असायचं. जुन्या साड्यांवर, धोतरांवर कुरडया, पापड, सांडगे, चिकवड्या, आणि आम्ही मुलं काठ्या घेऊन कावळे हाकायला. कावळ्यांपेक्षा जास्त आम्हीच खायचो, अर्धवट वाळलेली कुरडई, बाहेरून कडक आणि आत अजून चिवट. तशी चव पुन्हा कशाला आली नाही. वारा सुटला की खालून आजीची हाक यायची, ‘उचला रे!’ सगळ्या काकवा पदर खोचून जिन्यावरून धावायच्या, धोतराची चार टोकं चौघींच्या हातात. आजी स्वतः काही उचलायची नाही. ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहून क्रम सांगायची. आधी कुरडया. तीन तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा. एवढे कष्ट पावसात घालवायचे नाहीत. मग उडदाचे पापड, मग सांडगे. धाकट्या काकूच्या साबुदाण्याच्या चिकवड्या कायम शेवटी. त्या लवकर होतात म्हणून, असं आजी म्हणायची. खरं कारण सगळ्या वाड्याला माहीत होतं. धाकट्या काकूने ते तोंडाने कधीच काढलं नाही. एका वर्षी मात्र तिने आजीचा हुकूम न ऐकता आधी आपलं धोतर उचललं, आणि कुरडया भिजल्या. त्या रात्री वाड्यात कुणी कुणाशी बोललं नाही. चिकवड्या खुसखुशीत झाल्या होत्या.

माझ्याकडे आजीसारखा हिशेब नाही. कुठल्या झाडाला किती कष्ट पडले हे बघून मी उचलत नाही. मी आधी अनंताची कुंडी उचलते, जो वर्षभर नुसता रुसलेला असतो आणि तीन कळ्या देऊन दोन गाळतो. कढीपत्ता, जो रोज फोडणीला पानं देतो, तो बाहेरच. तो जातोय कुठे? आणि नवऱ्याने जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून भरमसाट पैसे देऊन आणलेलं ते जाड बुंध्याचं अडेनियम सगळ्यात शेवटी. त्याला वारा लागत नाही म्हणून. खरं कारण आमच्याही घरात माहीत आहे.

परवा बांधाबांध उरकून अनंत उचलायला मी कठड्याशी आले आणि सहज खाली बघितलं. आमच्या इमारतीला प्रत्येक बाल्कनीबाहेर लोखंडी स्टँड आहेत, त्यांच्यात कुंड्या. कुणाचं कोरफड, कुणाची सदाफुली, दुसऱ्या मजल्यावर तर एक सिमेंटची कुंडी, तारेने बांधलेली. तार गंजून तांबूस झालेली वरूनसुद्धा दिसत होती. आणि तिच्या बरोब्बर खाली इस्त्रीवाल्या दादांची गाडी. दादा मान खाली घालून कुणाचा तरी शर्ट करत होते.

मी अनंत तिथेच ठेवून जिने उतरले. दुसऱ्या मजल्यावर बेल वाजवली, कुणी दार उघडलं नाही. खाली जाऊन म्हटलं, ‘दादा, वारा येतोय. इथून हला. वर कुंडी आहे बघा.’

त्यांनी वर बघितलं. मग समोरच्या गुलमोहराकडे बोट दाखवलं. ‘ताई, मी रोज त्याच्या सावलीला असतो. फांदी पडेल म्हणून आत्ताच इकडे आलो.’

पार्किंगमध्ये आमच्या सोसायटीची पाटी आहे, ‘बाहेरच्या व्यक्तींनी गाड्या लावू नयेत. सूचना एकदाच दिली जाईल.’ इस्त्रीची गाडी आम्ही दोघांनी ढकलत नेऊन त्या पाटीखालीच लावली.