हुशार मुलांनी मास्तरकी का करू नये?

गणितात डोकं चालणारा मुलगा ‘मला शाळेत शिकवायचंय’ म्हणाला की आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये हळहळ सुरू होते. ‘अरेरे, संशोधनात गेला असता!’ मुलांच्या कानावर हे बरोबर जातं. आणि गणित-विज्ञानाला शिक्षक मिळत नाहीत म्हणून परिसंवादही आम्हीच भरवतो.

पगाराचा प्रश्न खरा आहे, तो मी झटकणार नाही. पण शिकवण्याची गोडी लागते ती शिकवून बघितल्यावरच, भाषणं ऐकून नव्हे. अमेरिकेत ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात १९९७ साली ‘यूटीच’ हा शिक्षक घडवणारा उपक्रम सुरू झाला, त्यात विज्ञान-गणिताची मुलं सुरुवातीच्या कोर्सपासूनच खऱ्या वर्गात उभी राहतात. आवडलं तर पुढे जायचं, नाही तर सोडायचं. कोलोरॅडो विद्यापीठात पदवीचीच मुलं खालच्या वर्गांना मदत करतात आणि सोबत अध्यापनाचा एक कोर्सही करतात.

आमच्या ट्यूटोरियलला, म्हणजे सरावाच्या तासाला, पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायला मी तिसऱ्या वर्षाची मुलं बसवते. रिअल अ‍ॅनालिसिस या पदवीच्या गणितातल्या अवघड विषयात पहिली येणारी एक मुलगी होती. पहिल्या वर्षातल्या एकाने तिला विचारलं, “अपूर्णांकाने भागताना उलटा करून गुणायचं, पण का?” तिने नियम सांगितला. “नियम येतो गं, कारण सांग.” बाई गप्प! बऱ्याच वेळाने तिने फळ्यावर लिहिलं: तीनमध्ये पाव किती वेळा बसतो? बारा. पाऊण हा पावाच्या तिप्पट, म्हणजे बसणार एक तृतीयांश वेळा, चार. म्हणून चाराने गुणायचं, तिनाने भागायचं. तास संपल्यावर माझ्याकडे आली ती तावातावाने: “मॅडम, हे मला आजवर कुणी विचारलंच कसं नाही?”

जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइनने १९०८ मध्येच ही तक्रार केली होती. विद्यापीठात आलं की शाळेचं गणित विसरायचं, शाळेत शिकवायला गेलं की विद्यापीठाचं. हुशार मुलांना शाळेत शिकवणं ‘सोपं’ वाटतं आणि म्हणून कमी प्रतीचं वाटतं, त्याचं मूळ मला इथेच दिसतं. त्या मुलीला ते अवघड गेलं, म्हणूनच तर ती पुढच्या आठवड्यात ऋण गुणिले ऋण धन का, याची तीन स्पष्टीकरणं घेऊन आली. (एक चुकीचं होतं. ते खोडायलाच सगळ्यात मजा आली.)

या कामाला श्रेयांक द्यावेत, असा प्रस्ताव मी विभागात मांडलाय. ‘अभ्यासाचा वेळ जाईल’ हा पहिला आक्षेप आलाच. मी म्हटलं, हा अभ्यास नाही तर काय आहे? पुढच्या बैठकीला त्या मुलीलाच फळ्यापाशी उभं करणार आहे. आक्षेप घेणाऱ्यांनी तिला पाऊणने भागाकार करून दाखवावा, कारणासकट.