नानांनी तोंड फिरवलं

मंगळवार, रात्री उशिरा

आज हॉस्पिटलात भेटायच्या वेळेत आत गेले तर नानांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. एवढंच झालं. दादा म्हणतो तू उगाच मनाला लावून घेतेस, पण काल त्याचा हात तरी धरला होता ना त्यांनी. माझ्या वाट्याला भिंत. आणि मावशीला काय सांगू, ती फोनवर रोज विचारते, ओळखलं का ओळखलं का...

डॉक्टर बाहेर आल्यावर विचारलं, नाना रागावलेत का. त्यांनी नीट थांबून सांगितलं की लघवीतलं इन्फेक्शन रक्तात गेलंय, सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा रक्तातला आकडा, 200 च्या वर आहे (10 च्या आत असायला हवा), आणि शरीरात एवढी सूज असली की ती मेंदूपर्यंत पोचते. इंटरल्युकिन-6, टीएनएफ असले रेणू मेंदूला निरोप देतात की पडून रहा, खाऊ नको, बोलू नको. गावाकडे गाय आजारी पडली की वैरणीला तोंड लावत नाही, बाजूला जाऊन उभी राहते, तसंच. 1988 मध्ये बेंजामिन हार्ट नावाच्या एका पशुवैद्यकानेच हे मांडलं होतं म्हणे, की जनावराची ती मरगळ म्हणजे ताप टिकवून जंतूंशी लढायची सोय आहे.

हे ऐकून बरं वाटलं, पण घरी येऊन वाचत बसले आणि परत तिथेच आले. धडधाकट माणसांना जंतूच्या आवरणाचा अगदी थोडा अंश टोचून बघितलंय, काही तासांत त्यांचं मन उतरतं, लोकांपासून तुटल्यासारखं वाटतं. पण अशाच एका प्रयोगात असंही दिसलं की आपल्या जवळच्या माणसाची ओढ उलट वाढते. मग? मी जवळची नाही का? मीच का नको झाले? तासभर हेच, जेवणही गेलं नाही.

मग हळूहळू डोक्यात शिरलं की ती माणसं धडधाकट होती, काही तासांचा प्रश्न होता. नानांना धड झोपच नाहीये. साध्या तापात तेच रेणू गुंगी आणून झोपवतात, पण सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शन असं अंगभर भिनलं की, झोपेचे तुकडे होतात, निम्मी दिवसाच लागते, गाढ झोप जवळपास नाहीच, रात्रीचं मेलाटोनिन, ते झोपेचं हार्मोन, तेही वेळेवर येत नाही. वर तो मॉनिटर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते हॉस्पिटलात रात्री 30 डेसिबलच्या आसपासच आवाज असावा, आणि तिथे शेजारच्या बेडचा पंप दर थोड्या वेळाने ओरडतो. लक्ष टिकतंय का बघायला डॉक्टरांनी माझ्यासमोर एकेक इंग्रजी अक्षर म्हणून ‘ए’ आला की माझा हात दाबा सांगितलं, तर नानांनी एकदा दाबला, मग सोडूनच दिला. हा शांत डिलिरियम, म्हणजे आजारपणात डोक्याचा होणारा गोंधळ, आरडाओरडा नसतो म्हणून बरेचदा कुणाच्या लक्षातच येत नाही. ज्या माणसाला ‘ए’ धरून ठेवता येत नाहीये तो माझ्यावरचा राग कुठून धरून ठेवणार.

तरी दुखलंय ते दुखलंयच. असू दे. आजारात माणूस असा होतो, आपण पण तसंच केलं असतं.

सिस्टरनी चष्मा आणि कानाचं मशीन आणायला सांगितलंय, म्हणाल्या दिसलं-ऐकू आलं तर गोंधळ कमी होतो, आणि आल्या आल्या वार सांगा, तारीख सांगा, घरचं बोला. मशीनचे सेल संपलेत, मेडिकल उघडलं की आधी ते. रात्री त्यांच्या बेडवरचा दिवा बंद ठेवून बघतो म्हणाल्यात, आणि जमलं तर पहाटेचं रक्त थोडं उशिरा काढतील. सलग तीन तास झोप मिळाली तरी चालेल, सीआरपी उतरेल तेव्हा उतरेल.