उतरायचं कधी, यावरच सगळं अडलं

छोट्या विमानतळावरून सुट्टीच्या ठिकाणी थेट विमान कसं सुरू होतं, असं कुणी विचारलं की मी आधी अग्निशमन दलाच्या शिफ्टबद्दल बोलायला लागतो. लोक बुचकळ्यात पडतात. पण आमचं घोडं तिथेच अडलं होतं.

विमानतळासाठी नवे मार्ग मिळवणं हे माझं काम. आसपासचे किती लोक दूरच्या मोठ्या विमानतळावर जाऊन समुद्रकिनारा गाठतात, याचे आकडे मी एका बजेट विमान कंपनीच्या नेटवर्क प्लॅनरपुढे, म्हणजे मार्ग ठरवणाऱ्या माणसापुढे, मांडले. तो खूश होता. त्याने एवढंच विचारलं, "रात्री किती वाजेपर्यंत उघडे असता?"

आपल्याला वाटतं, कंपनी नकाशा समोर ठेवून ठिकाण निवडते. खरं तर तिच्यासमोर असतो एका विमानाचा दिवस. विमान जमिनीवर उभं असलं तरी त्याचा भाडेपट्टा चालूच राहतो. म्हणून ते रोज दहा-बारा तास हवेत हवं, आणि दोन उड्डाणांमधला थांबा २५-३० मिनिटांत उरकायला हवा. किनाऱ्याजवळच्या तळावर मुक्कामाला असलेलं विमान दिवसभर जास्त कमाईच्या फेऱ्या करतं. उरलेल्या फटीत बसेल तो मार्ग आमच्यासारख्यांच्या वाट्याला येतो. आमची फट नेमकी रात्रीची निघाली, विमानतळ बंद झाल्यानंतरची.

विमान उतरताना अग्निशमन दल हजर लागतं. म्हणून वेळ वाढवायची तर त्याची आणखी एक शिफ्ट लागते, आणि तिला वरच्या कार्यालयाची मंजुरी. कार्यालय म्हणालं, आधी कंपनीचं पक्कं पत्र आणा. कंपनी म्हणाली, आधी वेळ पक्की करा, मग पत्र. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. फाइल कुठे आहे विचारलं की "प्रक्रियेत आहे". तेवढ्यात कंपनीने एअरबसच्या ए-३२० विमानाऐवजी ए-३२१ पाठवायचं ठरवलं. हे विमान जवळपास सात मीटरने जास्त लांब, त्यामुळे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अग्निशमनाची श्रेणी, म्हणजे विमानाच्या लांबीप्रमाणे लागणारी तयारी, सहावरून सातवर गेली. झालं, प्रस्ताव पुन्हा पहिल्या टेबलावर. तिथल्या बाबूने कागद उलटसुलट करून विचारलं, "विमान तेच आहे ना?" मी त्याला लांबी समजावून सांगितली. त्याने लिहूनही घेतली. पुढच्या टेबलावर पुन्हा तोच प्रश्न.

उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं, पण सुट्टीची तिकिटं त्याच्या कितीतरी आधी विकायला काढावी लागतात. कार्यालयाला मार्च लांब वाटत होता. मला रात्री झोप लागत नव्हती.

शेवटी दोन्हीकडून सशर्त पत्रं घेतली: वेळ मिळाली तर उडू, उडणार असाल तर वेळ देऊ. दोन्हींवर एकच अंतिम तारीख. मसुदा माझा, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. अशी पत्रं पहिल्याच भेटीनंतर मागा.

सवलतींचं राहिलंच. लँडिंग शुल्क कमी करा, जाहिरातीला हातभार लावा, हे कंपनी मागणारच. काय दिलं आणि त्यातून विमानतळाला काय मिळणार, दोन्ही कागदावर ठेवा. बेल्जियममधल्या शार्लरुआ विमानतळाने रायनएअर या बजेट कंपनीला दिलेल्या सवलतींविरुद्ध युरोपियन कमिशनने २००४ साली निर्णय दिला. तो २००८ मध्ये न्यायालयात रद्द झाला. चार वर्षं डोक्यावर टांगती तलवार कुणाला हवी?

आणि प्रवाशांच्या आकड्यांमध्ये दोन उड्डाणं रिकामीच धरा. हंगामातलं पहिलं विमान लोकांना न्यायला मोकळं येतं, शेवटचं त्यांना सोडून मोकळं परततं. हे आपणच आधी सांगितलं की प्लॅनर आपल्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवतो.

आता आठवड्यातून दोनदा विमान येतं आणि चांगलं भरतं. हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून, आणि त्यासाठी कंपनीने पहाटेची वेळ मागितली आहे. फाइल कार्यालयात पोहोचली आहे. प्रक्रियेत आहे म्हणे.