ठासणीची रायफल हाताने बनवताना: आधी आकार, नक्षी नंतर

लाँगरायफल, म्हणजे अमेरिकेतली जुन्या धाटणीची लांब नळीची ठासणीची रायफल, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर आधी येते ती पितळेची झाकणवाली पॅचबॉक्स (गोळीभोवतीच्या कापडाचे तुकडे, म्हणजे पॅच, ठेवायची पेटी), दस्त्यावरचं म्हणजे बंदुकीच्या लाकडी अंगावरचं कोरीवकाम, चांदीची छोटी पानं-फुलं. फोटोत पण तेच उठून दिसतं ना. पण पहिली रायफल पूर्ण केल्यावर माझं मत पक्कं झालंय, पहिल्या खेपेला नक्षीच्या वाटेला जायचंच नाही, सगळा वेळ आणि सगळा जीव दस्त्याच्या आकारावर लावायचा. आकार जमला तर एकही फूल नसलेली साधी रायफल सुद्धा बघत बसावी अशी दिसते, आणि आकार फसला तर वर कितीही कोरा, काही उपयोग नाही.

थोडा इतिहास सांगतो, कारण आकार तिथूनच येतो. १८व्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात जर्मन आणि स्विस लोक मोठ्या संख्येने पेन्सिल्व्हेनियात येऊन वसले, आणि त्यांच्यातले बंदूक बनवणारे कारागीर येताना येगर रायफलीचं काम घेऊन आले. येगर म्हणजे आखूड आणि जाड नळीची, मोठ्या बोअरची, म्हणजे नळीचं भोक मोठं असलेली, शिकारीची रायफल, दस्ता बहुतेक अक्रोडाचा. अमेरिकेत हळूहळू ती लांब आणि सडपातळ होत गेली, नळी ४२ ते ४६ इंच, बोअर लहान म्हणजे शिसं आणि दारू दोन्ही कमी लागणार, आणि अक्रोडाच्या जागी तिथलंच मॅपल, त्यातही आडवे चमकदार पट्टे असलेलं कर्ली मॅपल. मला सगळ्यात भारी वाटते ती गोष्ट म्हणजे प्रत्येक भागाचा आकार वेगळा. पेन्सिल्व्हेनियातल्याच लँकेस्टरच्या रायफलीचा बट, म्हणजे दस्त्याचा खांद्याकडचा भाग, सरळ रेषांचा, लीहाय खोऱ्यातल्या रायफलीच्या बटची वरची रेघ कमानीसारखी वाकलेली, बेडफर्ड काउंटीची इतकी बारीक की मूठ धरायच्या जागी मोडेल की काय असं वाटावं. जाणकार माणूस नाव न वाचता नुसत्या बाह्यरेषेवरून सांगतो ही कुठली.

मी लँकेस्टरची धाटणी निवडली, जेकब डिकर्टच्या रायफली डोळ्यासमोर ठेवून. हा माणूस जर्मनीत जन्मला, लहानपणी अमेरिकेत आला आणि लँकेस्टरमधे बंदुका बनवत १८२२ साली वारला. सरळ रेषा असल्यामुळे ही धाटणी सोपी असेल असं वाटतं, पण सरळ रेघ जरा वाकडी झाली की लगेच दिसते, म्हणून शिकायला ती चांगली.

आता "हाताने" म्हणजे काय हा वाद नेहमी होतो. नळी मी तयार घेतली, लॉक, म्हणजे ठिणगी पाडून बार उडवणारी यंत्रणा, ते पण तयार घेतलं, आणि मला त्यात काहीच कमीपणा वाटत नाही. जुन्या काळी पण कितीतरी कारागीर नळ्या पाणचक्कीवर चालणाऱ्या बोअरिंग मिलमधून आणायचे आणि लॉक इंग्लंडहून आलेलं वापरायचे. व्हर्जिनियात कलोनियल विल्यम्सबर्गच्या गनस्मिथ शॉपमधे लोखंडाची पट्टी तापवून नळी घडवण्यापासून सगळं जुन्या पद्धतीने करतात, ते बघून मान आदराने खाली जाते, पण ते आयुष्यभराचं काम आहे. शिवाय नळी हा सुरक्षेचा भाग, ती ज्यांचं ते कामच आहे त्यांच्याकडूनच यावी. ५० कॅलिबरची, स्वॅम्प्ड, म्हणजे मागे जाड, मधे बारीक होत जाणारी आणि तोंडाशी परत थोडी रुंद होणारी. अशी नळी हातात घेतली की वजन मागे येतं आणि खांद्याला लावल्यावर तोल लगेच कळतो. नळीची खाच आणि गजाचं, म्हणजे गोळी ठासायच्या काठीचं, लांब भोक दस्त्याच्या फळीत मशीनवर करून घेतलं. गजाचं भोक हाताने पाडताना ड्रिल आतल्या आत भरकटतं, आणि तिथे अख्खी फळी वाया जाऊ शकते, म्हणून पहिल्या वेळी हे काम बाहेरून करून घ्याच.

फळी निवडताना पट्टे किती छान आहेत हे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी बघायचं मुठीच्या जागी लाकडाचे रेषे मुठीच्या दिशेनेच जातायत ना. तिथे रेषे तिरके कापले गेले तर मूठ तिथेच मोडणार, मग पट्टे कितीही सुंदर असोत.

त्यानंतर सगळा खेळ एका जागेभोवती फिरतो, नळीचं मागचं टोक. नळी पूर्ण मागे टेकून बसली पाहिजे, ब्रीच प्लगची, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या बुचाची, शेपटी लाकडात कुठेही फट न ठेवता उतरली पाहिजे. इथे काजळी हाच खरा गुरू. धातूवर काजळीचा पातळ थर द्यायचा, दाबून बसवायचा, काढायचा, जिथे काळा डाग पडला तिथलंच लाकूड धारदार पटाशीने खरवडायचं, परत काजळी. कंटाळा येतो म्हणणारे लोक असतील, मला तर ह्याचं वेड लागलं. शेवटी सगळीकडे सारखा करडा ठसा उमटतो आणि नळी बसताना बारीक टक्क आवाज येतो, तो आवाज ऐकायला मी परत सगळं करायला तयार आहे.

नळी बसली की लॉकची जागा आपोआप ठरते, आपल्या मनाने ठरवता येत नाही. नळीच्या बाजूला जे बारीक भोक असतं, कान, तो ब्रीच प्लगच्या तोंडाच्या किंचित पुढे यायला हवा आणि रंजक (पेटवायची बारीक दारू) ठेवायच्या पॅनच्या मध्यावर, वरच्या कडेच्या रेषेत. म्हणजे लॉक पुढे-मागे, वर-खाली नेऊन तिथे आणायचं. आणि लॉकचा पुढचा बोल्ट जातो कुठून तर नळी आणि गजाचं भोक ह्यांच्या मधल्या लाकडातून, जे जेमतेम ३-४ मिलिमीटर असतं! म्हणून जुने लोक सांगतात की कागदावर अख्खी रायफल एकास एक मापात काढल्याशिवाय पटाशी हातात घेऊ नका, आणि हे अगदी खरंय, कारण नळी, गज, बोल्ट, चाप हे सगळे एकमेकांच्या वाटेत येतात आणि कागदावर ते आधीच दिसतं.

लॉक बसवताना आधी सगळं सुटं करून नुसती प्लेट बसवायची, ती नळीच्या बाजूला घट्ट टेकेपर्यंत, मग आतले भाग एकेक लावत प्रत्येकाची जागा कोरायची, टंबलर, ब्रायडल, सिअर (चाप ओढल्यावर सुटणारी खिट्टी), शेवटी मेनस्प्रिंग. लागेल तेवढंच कोरायचं. आतून दिसत नाही म्हणून मोठा खड्डा केला तर मुठीजवळचं लाकूड पोकळ होतं, आणि नेमकं तिथेच ताकद हवी असते. चापाचं पण असंच, चापाची पिन किती उंच आणि सिअरच्या किती जवळ ह्यावर ओढायला हलका का जड ते ठरतं, नंतर कानशीने घासून ते सुधारत नाही.

आणि मग आकार. ह्यावर मी कितीही बोलू शकतो.

नवीन माणसाची रायफल लांबून ओळखू येते, लाकूड जास्त ठेवलेलं असतं. लॉकच्या आसपास पोट सुटलेलं, पुढचा भाग जाडजूड. भीती वाटते ना अजून काढायची. पण जुन्या चांगल्या रायफलीत नळीच्या दोन्ही बाजूंना वरच्या कडेशी लाकूड दोन-अडीच मिलिमीटर असतं फक्त, आणि लॉकभोवतीची सपाट पट्टी इतकी अरुंद की लॉक लाकडातून उगवल्यासारखं वाटतं. फोटोंवरून हे कळत नाही कारण फोटोत जाडी दिसत नाही. शक्य असेल तर म्युझियममधे, किंवा जुन्या रायफली जमवणाऱ्या कुणाकडे, खरी जुनी रायफल हातात घ्या, डोळे मिटून मुठीवरून हात फिरवा, अंगठा कुठे बसतो बघा. नव्या लोकांनी बनवलेल्या नकलांची नक्कल करू नका, प्रत्येक नकलेत आकार थोडा थोडा जाड होत जातो.

मी आधी बाजूने दिसणारी बाह्यरेषा पूर्ण केली, चौकोनी कडा तशाच ठेवून, मग वरून दिसणारी, आणि त्यानंतरच कडा मोडून गोल करायला घेतलं. रास्प, मग कानस, मग स्क्रॅपर. सँडपेपर मला आवडत नाही, तो कडा मारतो, आणि ह्या रायफलीचं सौंदर्य कडांमधेच आहे. दिवा नेहमी बाजूला, खालून तिरपा ठेवायचा, मग उंचवटे सावलीत लगेच दिसतात.

रंगासाठी ॲक्वा फॉर्टिस, नायट्रिक ॲसिडमधे लोखंड विरघळवून करतात ते. तयार मिळतं, घरी करू नका, त्याची वाफ वाईट. लावल्यावर लाकूड घाण हिरवट-पिवळं दिसतं आणि पोटात गोळा येतो, पण हीट गन फिरवली की डोळ्यादेखत लालसर तपकिरी होतं आणि कर्ली मॅपलचे पट्टे आतून उजळून येतात. नंतर उरलेलं ॲसिड मारायला खायचा सोडा घातलेलं पाणी, आणि जवसाच्या तेलाचे पातळ हात. नळी गंजवून ब्राउन केली.

कायद्याचं एक सांगतो. अमेरिकेत १९६८च्या फेडरल कायद्यात ठासणीच्या अशा बंदुका बहुतेक करून अँटिक ह्या वर्गात येतात, पण राज्यांचे नियम वेगळे, आपापल्या राज्याचे बघून घ्या. भारतात वाचणाऱ्यांनी मात्र हे करायला जाऊ नये, १९५९च्या आर्म्स ॲक्टखाली परवान्याशिवाय बंदूक बनवणं गुन्हा आहे, ठासणीची असली तरी.

पहिला बार खांद्याला लावून काढायचा नाही, रायफल टायरला बांधायची आणि लांबून दोरीने चाप ओढायचा, मग ब्रीच आणि कान नीट तपासायचे. नंतर नेम. ५० कॅलिबरला .४९० इंचाची शिशाची गोळी आणि तेलकट सुती पॅच, गोळी सरळ जाते ती पॅचच्या पकडीमुळे, म्हणून पडलेले पॅच उचलून बघायचे, फाटले-जळले असतील तर कापड बदलायचं. नेम धरायची पुढची साइट मुद्दाम उंच ठेवली होती त्यामुळे सुरुवातीला गोळ्या खाली लागतात, लागू देत. आधी एकाच लोडवर, म्हणजे दारू तेवढीच ठेवून, गोळ्या एकत्र पडायला लागू देत, मग कानशीचे दोन-चार हात मारून साइट कमी करायची, परत झाडून बघायचं, आणि डाव्या-उजव्यासाठी मागची साइट जिकडे गोळी जायला हवी तिकडे हलकेच ठोकून सरकवायची. माझी सध्या ५० यार्डांवर जमलीय, त्याच्या पुढच्या अंतराचं काम चालू आहे.