पणजीत रात्री कोण असतं?

सकाळी साडेआठला मांडवी नदी ओलांडून पणजीत कामाला येताना निम्मी पर्वरी, म्हणजे आमचं पलीकडचं उपनगर, आपल्याबरोबरच निघालीय असं वाटतं. १९८६ च्या पावसात जुना पूल कोसळला तेव्हा लोक फेरीबोटीच्या रांगेत ताटकळायचे. आता अटल सेतू धरून तीन पूल आहेत आणि ताटकळणं तसंच आहे, फक्त एसी लावून. संध्याकाळी हाच लोंढा उलटा वाहतो, आणि आठ वाजले की पणजीतल्या कचेऱ्यांच्या रस्त्यांवर चिटपाखरू नसतं.

२०११ च्या जनगणनेत पणजी शहराची लोकसंख्या होती ४०,०१७. लगतची उपनगरं मिळवली की तोच आकडा १ लाख १४ हजारांच्या आसपास जातो. राजधानी म्हणून मिरवायचं आणि नुसत्या शहरातल्या माणसांच्या बाबतीत मडगाव, वास्कोच्या मागे! पण जनगणनेला आला तो माणूस तुम्ही राहता कुठे एवढंच लिहून घेतो. दिवस कुठे घालवता, पार्किंगसाठी कुठे भांडता, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

खरा फरक विचारावा पोदेराला, म्हणजे दारोदार फिरणाऱ्या पाववाल्याला. पर्वरीतल्या आमच्या इमारतीत त्याचा भोंपू वाजायच्या आधीच दाराच्या कड्यांना कापडी पिशव्या लटकलेल्या असतात. त्याची टोपली आमच्या दोन जिन्यांतच अर्धी होते. पणजीच्या मळा भागातल्या माझ्या आत्याच्या आळीत तो सायकलवरून उतरतही नाही. तिच्या खिडकीशी पाय टेकतो, दोन उंडे देतो, पुढची चार दारं न बघताच सोडतो. ती दारं बंद आहेत. आपल्याकडच्या जुन्या पोर्तुगीज कायद्याने मुलगे-मुली सारखेच वाटेकरी, हे उत्तमच. पण वाटेकरी पुण्यात, लिस्बनमध्ये, दुबईत पांगले की एका कौलावर पंधरा सह्या लागतात. सह्या जमेपर्यंत कौल खाली येतं. अख्ख्या गोव्यातच पाचातलं एक घर रिकामं, असं त्याच जनगणनेत निघालं होतं.

आणि आम्ही उपनगरवाले? पाच हजारांवर वस्ती, चौरस किलोमीटरला चारशे माणसं, पाऊणशे टक्के पुरुष शेतीबाहेर कामाला, एवढं जमलं की जनगणना गावाला शहर म्हणते. कारभार मात्र पंचायतीचाच. त्यामुळे सातव्या मजल्यावरचा माणूस लिफ्टने उतरून कचऱ्याचं गाऱ्हाणं ग्रामसभेत मांडतो, आणि टँकर आला का हे व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतो. मला ही व्यवस्था विनोदी वाटते, पण गाऱ्हाणं ऐकून तरी घेतलं जातं, तेवढं महापालिकेत होईल याची खात्री नाही.

गंमत म्हणजे पणजी हा एके काळी शेजारच्या ताळगाव या गावाचाच एक वाडा, म्हणजे वस्ती. रोगराईने जुनं गोवं ओस पडत गेलं, मग राज्यकर्ते इथे सरकले आणि १८४३ मध्ये वाड्याची राजधानी झाली. आता विधानसभाही नदीपलीकडे, आमच्या पर्वरीच्या माथ्यावर आहे. हे आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "मग काय, सरकारसुद्धा रोज संध्याकाळी पर्वरीहून झोपायला इकडे येतं का?"

म्हटलं, मंत्र्यांचे बंगले पणजीतल्या आल्तिनो टेकडीवर आहेत, म्हणजे काही जण येतात.

"तेवढेच शेजारी," आत्या म्हणाली. "त्यांना सांग, येताना कौलं शाकारणारा कोणी मिळाला तर घेऊन या."